आधी अंतर, मग आकडा : ॲपर्चर आणि डेप्थ ऑफ फील्ड शिकताना

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी काढलेला एक फोटो अजून आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. आजी खुर्चीत बसली आहे आणि खुर्चीच्या मागे आई, मावशी आणि मामा उभे आहेत. कार्यालयात उजेड बेताचा होता. माझ्याकडे नवीकोरी ५० मिलिमीटरची लेन्स होती आणि तिचं ॲपर्चर एफ १.८ पर्यंत उघडतं याचं मला फार अप्रूप होतं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो सुरेख दिसला. घरी येऊन संगणकावर उघडला तेव्हा आजीच्या नथीतला मोती न् मोती स्पष्ट होता, आणि मागच्या तिघांचे चेहरे ओल्या काचेतून पाहावेत तसे. मामा दोन वर्षांनी गेला. चौघं एकत्र असलेला तेवढा एकच फोटो आमच्याकडे आहे.

हे असं का झालं, हे नीट उमगायला मला बरेच महिने लागले. ज्यांनी नुकताच कॅमेरा घेतलाय त्यांना तेवढे लागू नयेत म्हणून हे लिहितेय. कॅमेरा जवळ घेऊनच वाचायला बसा, कारण यातलं बरंचसं करून पाहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

छिद्र डोळ्यांनी बघून घ्या

आमच्याकडे काकांचा जुना रोलचा कॅमेरा आहे. त्याच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सवर आकड्यांची एक रिंग आहे : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. लेन्स काढून खिडकीकडे धरली आणि रिंग फिरवली, की दर आकड्याला ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि आतली काळी पाती एकमेकांवर सरकताना दिसतात. २ वर मधलं छिद्र हल्लीच्या रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं असतं. ८ वर ते वाळलेल्या वाटाण्याएवढं होतं, आणि १६ वर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. हे छिद्र म्हणजेच ॲपर्चर, आणि ‘एफ २’, ‘एफ ८’ म्हणतात ते हेच आकडे. तुमच्या घरी माळ्यावर असा एखादा कॅमेरा पडून असेल तर तो आधी खाली काढा. दहा व्हिडिओ पाहून जे कळत नाही ते दोन मिनिटांत कळतं.

आता सगळ्या नवशिक्यांना पडणारा प्रश्न : आकडा मोठा, तर छिद्र लहान का? कारण हा आकडा छिद्राचं माप नाही, तो भागाकारातला भाजक आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याला, त्या आकड्याने भागायचं, की छिद्राचा व्यास मिळतो. ५० भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटर. ५० भागिले ८, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. ५० भागिले १६, म्हणजे तीनच्या जरा वर. एका पोळीचे दोन भाग केले तर तुकडा मोठा, सोळा केले तर घासभर, तसंच हे.

आकड्यांची ती माळ विचित्र वाटते, पण पाठ करायला सोपी आहे. १ आणि १.४ एवढे दोनच लक्षात ठेवा आणि दोन्ही दुप्पट करत जा. एकीकडे १, २, ४, ८, १६ आणि दुसरीकडे १.४, २.८, ५.६, ११, २२. (११.२ चं सोयीसाठी ११ केलंय.) आता एकाआड एक गुंफा, झाली माळ तयार. माळेत एक मणी पुढे गेलं की आत येणारा उजेड निम्मा होतो, मागे आलं की दुप्पट. या एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. नव्या कॅमेऱ्यांत एका स्टॉपचे तीन भाग केलेले असतात. म्हणून ४ नंतर ४.५, मग ५, आणि मग ५.६ दिसतं. चाकाचे तीन खटके म्हणजे एक स्टॉप.

तुमच्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर बहुतेक ‘१८-५५’ आणि त्यापुढे ‘३.५-५.६’ असं काही लिहिलेलं असेल. याचा अर्थ १८ वर असताना ती एफ ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ पर्यंत झूम केल्यावर ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. झूम केल्यावर आकडा आपोआप बदलला तर कॅमेरा बिघडला असं समजू नका.

कॅमेऱ्याला सांगा : छिद्र मी ठरवणार

वरचं गोल चाक ‘ए’वर आणा. निकॉन आणि सोनीवर ‘ए’ असतं, कॅननवर ‘एव्ही’. आता छिद्र तुमच्या ताब्यात आलं. तुम्ही ते लहान केलं की पुरेसा उजेड मिळावा म्हणून कॅमेरा शटर (उजेड आत सोडणारा पडदा) जास्त वेळ उघडं ठेवतो, मोठं केलं की कमी वेळ. एफ ४ ला शटर स्पीड १/६०, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, येत असेल, तर एफ ८ ला तो १/१५ होईल. दोन स्टॉप उजेड गेला, म्हणून चौपट वेळ.

१/१५ ला हातात धरून काढलेला फोटो बहुतेक हलतो. आणि नवशिक्यांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते : फोटो हाताच्या कंपाने पुसट आलाय, माणूस हलल्यामुळे पुसट आलाय, की फोकसच्या बाहेर गेल्यामुळे, हे त्यांना ओळखता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. सगळंच्या सगळं एका दिशेने फरफटल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. फक्त माणूस फरफटलाय आणि भिंत स्वच्छ आहे, तर माणूस हलला. चित्रात कुठली तरी एक गोष्ट धारदार आहे आणि तिच्या पुढेमागे सगळं मऊ होत गेलंय, तर ते डेप्थ ऑफ फील्डचं, म्हणजे धारदार दिसणाऱ्या पट्ट्याच्या जाडीचं काम.

सुरुवातीला आयएसओ (मिळालेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून घ्यायचा तो आकडा) ‘ऑटो’वर टाका आणि ५० च्या लेन्सला शटर १/१०० च्या खाली जात नाहीये ना, एवढंच बघत राहा. आयएसओ वाढून फोटोत थोडे दाणे आले तरी घाबरू नका. दाणेदार फोटो लोक प्रेमाने बघतात, हललेला कुणी बघत नाही.

डब्यांची रांग

पहिला सराव घरातच करा. ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर साखर, चहा, पोहे, रवा, शेंगदाणे असे पाच डबे तिरक्या रांगेत मांडा. दोन डब्यांत एक वीत अंतर ठेवा. खिडकी बाजूला येऊ द्या. तुम्ही अशा जागी बसा की मधला डबा कॅमेऱ्यापासून साधारण एक मीटरवर येईल, आणि फोकस त्या मधल्या डब्यावरच्या चिठ्ठीवर ठेवा. झूम लेन्स असेल तर ५५ वर न्या.

आता फक्त आकडा बदलत फोटो काढत जा : आधी सगळ्यात लहान, मग ८, मग ११, मग २२. बाकी काही हलवायचं नाही. कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर ठेवा, म्हणजे शटर मंद झालं तरी चालेल.

फोटो संगणकावर शेजारी शेजारी लावून पाहा. किट लेन्सला ५५ वर आणि एफ ५.६ ला धारदार दिसणारा पट्टा जेमतेम सात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांचा आहे. मधला डबा स्पष्ट, शेजारचे मऊ. ११ ला तो दुप्पट होतो. २२ ला पुन्हा दुप्पट, म्हणजे एक वीत आणि वर थोडा. तुमच्याकडे ५० ची एफ १.८ असेल तर तिच्यावर तोच पट्टा पुरता तीन सेंटिमीटरही नसतो. चिठ्ठीवरची अक्षरं वाचता येतील, पण डब्याची मागची कड विरघळून गेलेली असेल.

हा धारदार पट्टा म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. फोटोग्राफर मंडळी नुसतं ‘डेप्थ’ म्हणतात. आकडा दुप्पट केला की डेप्थ साधारण दुप्पट होते, हे तुम्ही आत्ता स्वतःच पाहिलंत.

असं का होतं? मला चष्मा आहे. चष्मा विसरून बसस्टॉपवर उभी राहिले की लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचायला मी डोळे बारीक करते, आणि ती खरंच वाचता येते. चष्मा असलेल्या प्रत्येकाने हे केलेलं असतं. डोळे बारीक केल्यावर बाहुलीचा काही भाग झाकला जातो आणि उजेड अरुंद फटीतून आत येतो. लेन्समध्ये हेच चालतं. समोरच्या एका ठिपक्यातून निघालेला उजेड छिद्राच्या पूर्ण रुंदीतून आत येतो आणि शंकूसारखा निमुळता होत सेन्सरकडे, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीकडे जातो. फोकस अचूक असेल तर शंकूचं टोक बरोबर सेन्सरवर पडतं आणि ठिपक्याचा ठिपकाच उमटतो. पुढच्या किंवा मागच्या वस्तूचं टोक सेन्सरच्या अलीकडे-पलीकडे पडतं, त्यामुळे सेन्सरवर ठिपक्याऐवजी गोल चकती उमटते. छिद्र मोठं तर शंकू जाड आणि चकती मोठी. छिद्र लहान तर शंकू काडीसारखा बारीक, आणि चकती इतकी लहान की आपल्याला ती ठिपकाच वाटते.

‘आपल्याला वाटते’ यातच सगळी गोम आहे. डेप्थची हद्द आखीव नसते. धार हळूहळू उतरत जाते, आणि डोळ्याला खटकायला लागतं तिथे आपण रेघ मारतो. या लेखातले सगळे आकडे नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरचे (नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो त्या आकाराचे) आहेत, आणि त्यावर ०.०२ मिलिमीटरपर्यंतची चकती ठिपका म्हणून धरली आहे. मोबाईलएवढ्या स्क्रीनवर याहून मोठी चकतीसुद्धा खपून जाते. भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रिंटमध्ये मात्र ती उघडी पडते. आजीच्या फोटोत मी तिथेच फसले. तेव्हापासून महत्त्वाच्या प्रसंगी मी एक फोटो काढते आणि तिथल्या तिथे स्क्रीनवर पूर्ण झूम करून मागच्या माणसाचे डोळे तपासते. लोक दहा सेकंद थांबतात, काही बिघडत नाही.

पाय हलवा

माझ्या मते अर्धं शिक्षण या भागात आहे, आणि नेमका हाच भाग शिकवताना घाईने उरकला जातो. सगळे एफ १.८, एफ १.४ असं बोलत राहतात. आपण कुठे उभे आहोत याबद्दल कुणी बोलत नाही.

५० ची लेन्स, एफ १.८. समोरचा माणूस एक मीटरवर असेल तर डेप्थ तीन सेंटिमीटरच्या आत. दोन मीटरवर असेल तर साडेअकराच्या आसपास. चार मीटरवर गेलात तर जवळजवळ शेहेचाळीस. अंतर दुप्पट, डेप्थ चौपट. आकडा दुप्पट करून डेप्थ नुसती दुप्पट होते, आणि त्यासाठी दोन स्टॉप उजेड द्यावा लागतो. मागे सरकायला उजेडाचा एक कणही मोजावा लागत नाही.

आता पुन्हा आजीच्या फोटोकडे या. मी तीन मीटरवर उभी होते. तिथे एफ १.८ ला डेप्थ होती सुमारे पाव मीटर, त्यातली निम्मी आजीच्या पुढे आणि निम्मी मागे. ते तिघं तिच्या मागे दोन फुटांवर. ते स्पष्ट येणं शक्यच नव्हतं. मी दोन मीटर मागे सरकून पाच मीटरवर गेले असते आणि एफ ४ ठेवलं असतं, तर डेप्थ दीड मीटरच्या वर गेली असती आणि आजीच्या मागे तब्बल तीन फूट धारदार राहिले असते. चौघं चित्रात थोडे लहान आले असते, नंतर कापून घेता आले असते. दुसरा उपाय तर फुकटचा होता : तिघांना खुर्चीवर जरा ओणवं व्हायला सांगायचं, म्हणजे चारही चेहरे जवळजवळ एका रेषेत आले असते. ग्रुप फोटोला मी आता याच क्रमाने जाते. आधी माणसं जवळ घ्यायची, मग आपण मागे जायचं, आणि मग लागेल तेवढाच आकडा वाढवायचा. दोन रांगा असतील तर ५.६, तीन असतील तर ८, आणि फोकस पहिल्या रांगेतल्या चेहऱ्यावर ठेवायचा. तीन रांगा असल्या तर मधल्या.

याची दुसरी बाजू पण बघा. तुमच्याकडे फक्त किट लेन्स आहे आणि मागचं सगळं छान विरघळलेलं हवंय. महागडी लेन्स घ्यायच्या आधी पाय वापरा. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात एखाद्या मैत्रिणीला दिल्ली दरवाज्याला टेकून उभं करा आणि ५५ ला, ५.६ वर फोटो काढा. दरवाजाही स्पष्ट, तीही स्पष्ट, आणि दोघं एकमेकांना चिकटलेले. आता तिला दरवाज्यापासून तीस-चाळीस पावलं पुढे आणा, तुम्ही तिच्यापासून दोन मीटरवर उभ्या राहा, झूम तेच, आकडा तोच. दरवाजा आहे हे कळेल, पण त्यावरचे अणकुचीदार खिळे मऊ होऊन जातील आणि चेहरा पुढे येईल. विषय कॅमेऱ्याच्या जवळ, मागचं विषयापासून लांब, आणि झूम पूर्ण. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ५.६ सुद्धा भरपूर आहे.

तांबट आळीतली एक सकाळ

फोकस कुठे ठेवायचा हे शिकायला मी नवीन माणसांना कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेते. तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोकून ठोकून जे खळगे पाडतात त्याला मठारकाम म्हणतात. ते पाहत तासन्‌तास बसता येतं. आधी विचारायचं. “काका, काम चालू असताना एक-दोन फोटो काढले तर चालतील का?” मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, “काढ की बाई. फक्त उजेडात उभी राहू नकोस माझ्या.” हे वाक्य प्रत्येक फोटोग्राफरने लक्षात ठेवावं असं आहे.

काका जमिनीवर बसलेले, लोखंडी दांड्यावर घागर पालथी घातलेली, उजव्या हातात हातोडी. प्रत्येक ठोक्याला एक खळगा, आणि प्रत्येक खळग्यात दाराचा उजेड चमकून उठतो. ठोका पडला की घागर बोटभर फिरते. पुढचा ठोका आधीच्याच्या बरोबर शेजारी पडतो. काका नजर उचलत नाहीत.

मी समोर दीड मीटरवर बसले, ५० ची लेन्स, एफ २.८. डेप्थ दहा सेंटिमीटर. काकांच्या डोळ्यांपासून हातोडीपर्यंत मात्र हातभर अंतर. डोळ्यांवर फोकस धरला तर घागर धुक्यात जाते, घागरीवर धरला तर डोळे. एफ ८ केलं तरी डेप्थ तीस सेंटिमीटरच्या आतच राहते, म्हणजे भागत नाही. वर शटर मंद झाल्यामुळे हातोडी हलते ती वेगळीच.

इथे बहुतेक जण आकडा वाढवत सुटतात. मी उठून बाजूला जाऊन बसले. आता काकांचा चेहरा एका अंगाने दिसत होता, आणि डोळे, मनगट, हातोडी आणि घागर ही सगळी माझ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आली होती. एफ २.८ तसंच राहिलं आणि सगळं धारदार आलं, मागे लावलेली भांडी तेवढी मऊ झाली.

याचं कारण असं की डेप्थ हा कॅमेऱ्यासमोर उभा धरलेल्या काचेच्या जाड तावदानासारखा पट्टा आहे. तो सेन्सरला समांतर असतो. तावदानाच्या आत जे जे येईल ते स्पष्ट. तावदान जाड करायचं तर छिद्र लहान करावं लागतं. पण वस्तूच तावदानात बसतील अशी जागा शोधली, तर पातळ तावदानही पुरतं. फोटो काढायच्या आधी मनातल्या मनात ते तावदान उभं करून पाहायची सवय लावून घ्या.

आणखी एक. कॅमेऱ्याला फोकसची जागा स्वतः निवडू देऊ नका, तो बहुधा सगळ्यात जवळची गोष्ट पकडतो. मेनूमधून एकच फोकस बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर नेऊन ठेवा. चेहरा तिरका असेल तर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. फोकस धरल्यावर पुढेमागे डुलायचं नाही : एफ १.८ ला एक मीटरवर तुमची मान दोन बोटं पुढे आली तरी डोळा गेला आणि कानशील धारदार झालं. हे माझ्या हातून अजूनही होतं, म्हणून अशा वेळी मी तीन-चार फोटो लागोपाठ काढते.

सगळंच स्पष्ट हवं असेल तेव्हा

पावसाळा संपत आला की सिंहगडावर सोनकी फुलते. पायाशी पिवळी फुलं, लांब राजगड आणि तोरणा. दोन्ही स्पष्ट हवेत. इथे १८ मिलिमीटर आणि एफ ८ पुरतं. १८ ला एफ ८ वर कॅमेऱ्यापासून साधारण दोन मीटरवर फोकस धरला, तर एका मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं डेप्थमध्ये येतं. या खास अंतराला हायपरफोकल अंतर म्हणतात. फोकस याच्याही अलीकडे आला तर डोंगर मऊ होतात, म्हणून मी नेहमी थोडं पलीकडेच धरते आणि एफ ११ करते. फुलं वाऱ्यावर डोलत असतील तर शटर १/२५० च्या आसपास हवं, नाहीतर सगळा हिशेब बरोबर असूनही फुलं पुसट येतात.

मग थेट २२ का नको? कारण फार लहान फटीतून जाताना उजेड कडांशी वळतो आणि पसरतो. याला विवर्तन म्हणतात. एफ १६ पासून पुढे डेप्थ वाढते खरी, पण चित्राची एकूण धार उतरायला लागते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ८ ते ११ हा खात्रीचा टप्पा आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या गटाचं नावच ‘ग्रुप एफ ६४’ ठेवलं होतं, इतका त्यांना सगळं स्पष्ट असण्याचा ध्यास होता. पण त्यांचे कॅमेरे प्रचंड, फिल्मचा एकेक ताव वहीच्या पानाएवढा आणि लेन्सही तशाच लांब. तिथे ६४ चालत असे. आपल्या छोट्या सेन्सरवर त्याचं अनुकरण करू नये.

कमी उजेडात हाच सराव करायचा असेल तर जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला जा. आठव्या शतकातलं, काळ्या कातळात कोरलेलं लेणं, समोर गोल नंदीमंडप, आत खांबांच्या रांगा. जवळच्या खांबावर फोकस धरून एफ ४ ला एक फोटो, मग एफ ११ ला एक. दुसऱ्यात रांग शेवटपर्यंत दिसेल, पण शटर किती मंद झालंय तेही दिसेल. कॅमेरा कट्ट्यावर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉड आणला असेल तर आधी चौकीदाराला विचारा, कारण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये त्याला परवानगी लागते. आणि तिथे दर्शनाला आलेली माणसं असतात, त्यांच्या वाटेत बसू नका.

मोबाईलवाल्यांसाठी

मोबाईलच्या कॅमेऱ्यावरही एफ १.८ लिहिलेलं असतं. मग त्याने मागचं तसं का विरघळत नाही? पोळीचं गणित पुन्हा करा. मोबाईलच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ जेमतेम पाच-सात मिलिमीटर असते. तिला १.८ ने भागलं की छिद्र येतं तीन-चार मिलिमीटरचं. एवढ्याशा छिद्रातून येणारा शंकू बारीकच असणार, म्हणून मोबाईलमध्ये जवळजवळ सगळं स्पष्ट येतं. बहुतेक फोनमध्ये ते छिद्र लहान-मोठंही होत नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये दिसतो तो ब्लर फोन हिशेब करून नंतर रंगवतो. गजऱ्याच्या कडा, चष्म्याची काडी, कुरळे केस नीट पाहा, हिशेब चुकला असेल तर तिथे कळतो. अगदी जवळ गेलात, म्हणजे जास्वंदीच्या फुलापासून वितीवर, तर मात्र मोबाईलचाही खरा ब्लर मिळतो. अंतराचा नियम तिथेही लागू आहे.

गणपतीतले दिवे

शेवटचा सराव गणेशोत्सवात, संध्याकाळी, लक्ष्मी रस्त्यावर माळा लागल्या की करा. एखाद्या लहान मुलीला दूर्वांची जुडी हातात धरून उभं करा, तिच्या मागे दिवे भरपूर लांब राहू द्या, आणि तुम्ही पाऊण मीटरवर बसून जुडीवर फोकस धरा. ५० ची लेन्स, एफ १.८. मागचा प्रत्येक दिवा एक गोल चकती होईल. त्या सेन्सरवरच्या चकत्यांबद्दल आपण वाचलं, त्या इथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. जपानीत अशा ब्लरला ‘बोके’ म्हणतात आणि तोच शब्द जगभर रूढ झालाय. चित्राच्या कोपऱ्यांतल्या चकत्या बदामासारख्या लांबट येतील. तो दोष नव्हे, तिरप्या जाणाऱ्या उजेडाला लेन्सच्या नळीची कड आडवी येते म्हणून तसं होतं. एफ ४ केलंत की चकत्या लहान होतील आणि त्यांना कोन फुटतील, कारण आता छिद्राला पात्यांचा आकार आला.

मग कॅमेरा कठड्यावर टेकवा, फोकस दिव्यांवरच धरा आणि एफ १६ करा. दिव्यांना किरण फुटतील. ते मोजा. लेन्सची पाती सम असतील तर तेवढेच किरण येतात, विषम असतील तर दुप्पट. चौदा मोजलेत, तर तुमच्या लेन्समध्ये सात पाती आहेत.